बाद फेरीचा हिशेब

इंग्लंडमधल्या रग्बी क्लबांची पहिली देशव्यापी बाद स्पर्धा १९७१-७२च्या हंगामात झाली. एप्रिल १९७२मध्ये ट्विकनहॅमला अंतिम सामना झाला आणि ग्लॉस्टरने मोझलीला १७-६ असे हरवले. सामन्याबद्दल मला फारसे काही म्हणायचे नाही. पण हीच बातमी मराठी क्रीडापानावर छापायची म्हटली, की तिच्यात 'बाद', 'फेरी', 'चषक', 'हंगाम', 'उपांत्य' आणि खुद्द 'निकाल' अशी मंडळी येऊन बसतात, आणि प्रत्येकाचे मूळ गाव वेगळे. त्यांतला 'बाद' सगळ्यांत चकवा देणारा दिसतो. आधी त्यालाच धरू.

इंग्रजी 'नॉकआउट'मध्ये ठोसा आहे. 'नॉक' हा जुन्या इंग्रजीतला ध्वन्यनुकारी धातू, आपल्या 'ठकठक', 'ठोक'च्या जातीचा. मराठीने ही पद्धत उचलताना ठोसा मागेच ठेवला आणि शब्द घेतला तो थेट कारकुनाच्या वहीतला.

'बाद'चे मूळ अरबी 'बअद', अर्थ 'नंतर'. हिंदी-उर्दूने तो अर्थ जसाच्या तसा सांभाळला; 'इसके बाद', 'बाद में'. मराठीत मात्र ती जागा आधीच 'नंतर'ने अडवलेली होती. हा 'नंतर'ही मोठा गमतीदार. संस्कृत 'अनन्तर' म्हणजे ज्यात अंतर नाही ते, लगोलगचे. मराठीने पुढचा 'अ' गाळला, म्हणजे नकारच गाळला. तरी अर्थ काही उलटा झाला नाही. उलट आज 'नंतर बघू' म्हटले की भरपूर अंतर पडणार हे ऐकणाऱ्याला कळते. असो.

'नंतर'पुढे डाळ शिजेना तेव्हा 'बाद'ला काम मिळाले ते जमाखर्चात. 'खर्च बाद जाता उरलेली रक्कम' हा प्रयोग आजही संस्थांच्या अहवालांत भेटतो. यातला 'बाद' मुळात 'नंतर'च असावा. म्हणजे खर्चानंतर बाकी अमुक. पण वहीच्या ओळीवरून बोट फिरवणाऱ्याला दिसते ते वेगळेच. त्याच्या लेखी खर्च 'बाद' झाला, म्हणजे वगळला गेला. अशा रीतीने मागे उरणाऱ्याचे विशेषण निघून जाणाऱ्याला चिकटले. शेजारी 'वजा' आणि 'बाकी' बसलेलेच होते. 'वजा' हा अरबी 'वज्अ', म्हणजे ठेवणे, उतरवून ठेवणे. आणि 'बाकी' म्हणजे उरलेले. या संगतीचा गुण लागला असणार. हिंदी माणूस 'मॅच के बाद' म्हणतो तेव्हा सामना संपलेला असतो, मराठी माणूस 'सामन्यात बाद' म्हणतो तेव्हा माणूस संपलेला असतो. शब्द एकच, पण एकाला घड्याळ दिसते, दुसऱ्याला वही.

इथे कुणी संस्कृताभिमानी वाचक हात वर करील, की हा 'बाध' का नसावा? शंका रास्त आहे. मीमांसेत 'बाध' म्हणजे एका नियमाने दुसऱ्याला निष्प्रभ करणे. बलवत्तर विधी दुर्बळाला बाधतो. बाद स्पर्धेचे याहून नेमके वर्णन सापडणार नाही. मराठी बोलीत शब्दाच्या शेवटचा महाप्राण ढिला पडतो हेही खरे. तरी मला अरबीचेच पारडे जड वाटते, कारण 'बाद'चा वावर सुरुवातीपासून वजा, बाकी, जमा, खर्च याच टोळक्यात दिसतो, शास्त्रचर्चेत नाही. 'बाध'ने मागून येऊन अर्थाला थोडा टेकू दिला असेल, इतकेच.

एका तिसऱ्या 'बाद'ला मात्र आधीच बाजूला काढले पाहिजे. 'झिंदाबाद'मधला 'बाद' फारसी आहे, 'असो', 'होवो' या अर्थाचा. 'झिंदा बाद', म्हणजे जिवंत असो. तेव्हा प्रेक्षकांतून एक जण पंचाकडे बघून 'बाद!' म्हणून ओरडला आणि दुसरा संघाच्या नावाने 'झिंदाबाद' म्हणाला, तर दोघांच्या तोंडातले शेवटचे अक्षर सारखे असूनही त्यांचे नाते शून्य.

वहीतून बाहेर पडल्यावर 'बाद' बराच फिरला. नोट चलनातून बाद होते, मतपत्रिका बाद होते, छाननीत उमेदवारी अर्ज बाद होतो. मग तो मैदानावर आला आणि झेलबाद, धावबाद झाला. पण क्रिकेटच्या मराठीत त्याला एक भागीदार मिळाला आहे. 'पायचीत', 'यष्टिचीत'मधला 'चीत'. हा कुस्तीच्या हौद्यातून आलेला, पाठ जमिनीला टेकलेला. म्हणजे आपला फलंदाज कधी कारकुनाच्या हातून जातो, कधी पैलवानाच्या. 'निकाल'ही याच कुळातला असावा. संस्कृत 'निष्कालन', हाकून बाहेर काढणे, इथवर त्याचा माग लागतो. आणि 'निकाली कुस्ती'त तो अर्थ अजून जिवंत आहे. आपल्याकडे निकाल लागतो तेव्हा कुणीतरी बाहेर गेलेले असते, अशी भाषेचीच समजूत दिसते.

ती समजूत बाद स्पर्धेला चपखल बसते. सोळा संघ असोत की बत्तीस, प्रत्येक सामन्यातून बरोबर एक वजा होतो; म्हणून सामन्यांची संख्या नेहमी संघांच्या संख्येपेक्षा एकाने कमी. हे गणित करायला फेऱ्या मोजाव्या लागत नाहीत, 'बाद' मोजले की झाले. अर्थात वही जुळलीच पाहिजे असेही नाही. १९८२च्या अंतिम सामन्यात पुन्हा ग्लॉस्टर आणि मोझलीच समोरासमोर आले, १२-१२ अशी बरोबरी झाली आणि चषक दोघांत वाटून दिला. बाकी एक उरायची ती दोन उरली. त्या वर्षीच्या अंतिम सामन्याला 'बाद' म्हणावे की नाही, हा प्रश्न मी वाचकांवर सोपवतो.

आता 'चषक'. संस्कृतात चषक हे पिण्याचे भांडे, आणि ते पाण्याचे नव्हे. काव्यनाटकांतले चषक मद्याचेच असतात. धातुपाठात 'चष्' खाण्याच्या अर्थाने दिला आहे, आणि फारसीत 'चशीदन' म्हणजे चव घेणे. आपली 'चाशनी' त्याच फारसी कुळातली. चषक आणि चाशनी ही सख्खी नाही तरी चुलत भावंडे असावीत. 'कप'ची गोष्ट आणखी जवळची आहे. लॅटिन 'कूपा' म्हणजे पिंप, हौद; आणि व्युत्पत्तिकार त्याच्याशेजारी संस्कृत 'कूप' मांडतात, म्हणजे विहीर, खड्डा. या 'कूप'चे लहानगे रूप म्हणजे आपली 'कुपी', अत्तराची किंवा औषधाची. म्हणून इंग्रजी 'कप' मराठीत आला तेव्हा तो परका पाहुणा नव्हता, फार लांबून परतलेला भाऊबंद होता असे म्हणता येईल.

'करंडक' मात्र या पंगतीत चुकून बसलेला वाटतो. संस्कृत 'करण्ड', 'करण्डक' म्हणजे टोपली किंवा झाकणाची पेटी. मराठीत कुंकवाचा करंडा, फळांची करंडी. रणजी करंडक, पुरुषोत्तम करंडक म्हणताना आपण विजेत्याला खरे तर डबा देत असतो. झाकण असलेल्या चांदीच्या बक्षिसाकडे बघून कुणाला करंडा आठवला असेल आणि त्याने 'क' लावून त्याला भारदस्त केले असेल. रग्बीत एक चषक असा आहे, की ज्याला हा शब्द शोभून दिसेल, कारण त्याच्या झाकणावर हत्ती आहे.

तो म्हणजे कलकत्ता कप. १८७२च्या नाताळच्या दिवशी कलकत्त्यात इंग्लिश खेळाडूंचा एक संघ आणि स्कॉटिश-आयरिश-वेल्श खेळाडूंचा दुसरा, असा सामना झाला. पाठोपाठ जानेवारी १८७३मध्ये कलकत्ता फुटबॉल क्लब उभा राहिला आणि १८७४मध्ये तो लंडनच्या रग्बी युनियनचा सदस्यही झाला. पण बंगालच्या उकाड्यात टेनिस आणि पोलोने माणसे ओढून नेली. क्लबातली फुकट दारू बंद झाल्यावर सभासद पांगले, असेही सांगतात. 'चषक'चा मूळ अर्थ ज्याला ठाऊक आहे त्याला या तपशिलाचे नवल वाटू नये. क्लब मोडायचा ठरला तेव्हा बँकेत शिल्लक होती. रॉथनी नावाच्या पदाधिकाऱ्याने सुचवले, की पैसे वाटून न घेता कायमचे काहीतरी करावे. मग २७० चांदीचे रुपये काढले, वितळवले आणि चषक घडवला. त्याला तीन मुठी आहेत आणि तिन्ही म्हणजे फणा काढलेले नाग. वर झाकणावर अंबारीसह हत्ती.

रुपया वितळवून चषक केला म्हणजे शब्दाच्या दृष्टीने काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. 'रुपया' संस्कृत 'रूप्य'वरून आला, आणि 'रूप्य' म्हणजे चांदी हा त्याचा नंतरचा अर्थ दिसतो. पाणिनीने 'रूप'वरून 'रूप्य' साधताना दोन अर्थ दिले आहेत. एक प्रशंसेचा, म्हणजे देखणे, आणि दुसरा 'आहत', म्हणजे ज्याच्यावर छाप ठोकली आहे असे. नाणे हे ठोकलेले रूप. मराठीने 'नॉक' गाळला खरा, पण चषकाच्या धातूत तो आधीपासून बसलेला होता.

कलकत्त्याच्या मंडळींच्या मनात क्लबांनी दरवर्षी लढून हा चषक जिंकावा असे होते. उदाहरण ताजे होते, कारण असोसिएशन फुटबॉलवाल्यांनी १८७१-७२मध्येच आपला कप सुरू केला होता. उत्तरेकडे यॉर्कशायरमध्ये १८७७पासून रग्बी क्लबही कपासाठी झगडू लागले होते. पण लंडनच्या धुरीणांना हे रुचले नाही. कप आला की चुरस येते, चुरस आली की पैसा येतो, आणि पैसा आला की सद्गृहस्थांचा खेळ राहत नाही, असा त्यांचा तर्क असावा. त्यांनी चषक ठेवून घेतला, पण क्लबांना न देता इंग्लंड-स्कॉटलंड सामन्याला लावला. १८७९मध्ये एडिंबरोच्या रेबर्न प्लेस मैदानावर त्यासाठी पहिला सामना झाला आणि तो बरोबरीत सुटला. ज्या रुपयांतून इंग्लंडची बाद स्पर्धा निघायची त्यांतून कुणीच बाद झाले नाही. इंग्लिश क्लबांना देशव्यापी बाद स्पर्धा मिळायला १९७१ उजाडले. फुटबॉलच्या बरोबर शंभर वर्षे मागून. मला तरी हा सद्गृहस्थपणा थोडा ढोंगी वाटतो. १९८८मध्ये एडिंबरोच्या सामन्यानंतर दोन्ही संघांतल्या एकेका खेळाडूने रात्री प्रिन्सेस स्ट्रीटवर हाच चषक लाथाडत नेला आणि तो पार चेपला. सभ्यता चषकावर अवलंबून नसते, हे तेव्हा सगळ्यांना दिसले.

बाद 'फेरी'त फिरणे आहे. 'टूर्नामेंट'च्या पोटातही तेच. जुन्या फ्रेंचमधला 'तुर्ने', वळणे, घोडा फिरवणे, आणि त्याच्या मागे ग्रीक 'तोर्नोस', म्हणजे कातारीचे यंत्र. 'ट्रॉफी'चे ग्रीक मूळ 'त्रोपे', हेही वळणेच. शत्रू जिथे पाठ फिरवून पळाला तिथे उभारलेली खूण म्हणजे 'त्रोपाइऑन'. तिन्ही शब्द एकमेकांना न विचारता एकाच ठिकाणी येऊन वळले.

फेऱ्यांच्या नावांत मात्र आपण संस्कृत व्याकरणाकडे धाव घेतली. 'उपांत्य' म्हणजे अंत्याच्या शेजारचा. शब्दातल्या शेवटून दुसऱ्या वर्णाला वैयाकरण 'उपधा' म्हणतात, आणि छंदशास्त्रातही उपान्त्य अक्षराचे लाड असतात. मराठी शुद्धलेखनाचे नियम शिकलेल्या कुणालाही हा शब्द घाम फोडतो, कारण उपांत्य इकार-उकार दीर्घ की ऱ्हस्व हा प्रश्न त्याच्यापाशीच अडतो. तोच शब्द क्रीडापानावर सेमीफायनल होऊन रुबाबात बसला. त्याच्या मागची फेरी 'उपउपांत्य', किंवा थोड्या सुटसुटीतपणे 'उपांत्यपूर्व'. त्याच्याही मागे जायचे तर व्याकरण हात टेकते आणि क्रीडापत्रकार आकडे वापरतो.

रग्बीच्या मैदानावरच्या शब्दांना मात्र मराठीत कुणी हात लावलेला नाही. 'स्क्रम' स्क्रमच राहिला. त्याचे लांब रूप 'स्क्रिमेज', ते 'स्कर्मिश'चे भावंड, म्हणजे चकमक. मागे जुनी जर्मानिक क्रिया आहे, आडोसा धरून रक्षण करणे; जर्मनमधला 'शिर्म', छत्री, हा तिचाच नातलग. आणि या 'शिर्म'चा मूळ अर्थ कातडे, कातड्याची ढाल असा लावून त्याला संस्कृत 'चर्मन्'शेजारी बसवतात. हे खरे असेल तर मजा आहे, कारण संस्कृतातही 'चर्म' म्हणजे ढाल. 'असिचर्म' म्हणजे तलवार आणि ढाल. आठ-आठ गडी खांद्याला खांदा लावून एकमेकांना रेटतात, मधे चामड्याचा चेंडू, आणि नावातही चामडे.

'मॉल'चा प्रवास तर असा आडवातिडवा, की विश्वास बसू नये. चेंडू धरलेल्या गड्याभोवती उभ्याने होणारी रेटारेटी म्हणजे मॉल. मूळ लॅटिन 'माल्लेउस', हातोडा. त्याच हातोड्याने चेंडू टोलवण्याचा एक इटालियन खेळ होता, 'पाल्लामाल्यो'. तो लंडनमध्ये 'पॅल मॅल' झाला; ज्या लांबलचक पट्ट्यावर तो खेळत ती 'मॅल' झाली; फिरायच्या सावलीच्या रस्त्याला 'मॉल' म्हणू लागले, सिमल्याचा मॉल रोड त्याच वळणाचा; आणि शेवटी वातानुकूलित दुकानांच्या रांगेला आपणही मॉल म्हणतो. रग्बी युनियनची स्थापना २६ जानेवारी १८७१ला लंडनमध्ये झाली ती पॅल मॅल रेस्टॉरंटमध्ये. तिथे जमलेल्या एकवीस क्लबांच्या प्रतिनिधींपैकी कुणाला खेळातला हातोडा आणि दारावरच्या पाटीतला हातोडा एकच असल्याचे जाणवले होते की नाही, कोण जाणे.

'ट्राय'बद्दल थोडे. जुनी फ्रेंच क्रिया 'त्रिये', म्हणजे चाळणे, निवडणे. त्यातून पारखणे, आणि पारखण्यातून प्रयत्न करणे. रग्बीत गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवला की ट्राय. पूर्वी त्याला गुण नव्हता. त्याने फक्त गोलावर लाथ मारून बघायचा हक्क मिळे, म्हणून ते नाव. पुढे हक्कापेक्षा टेकवण्यालाच मोल आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तीन गुण, नेमक्या १९७१-७२च्या हंगामापासून चार, १९९२पासून पाच. ग्लॉस्टरने पहिला कप जिंकला तेव्हा चार गुणांचे नाणे कोरे करकरीत होते. मराठीत 'प्रयत्न' वापरून कुणी हे नाव केले नाही ते बरेच झाले. आपल्याकडे 'प्रयत्न चांगला होता' हे हरणाऱ्यालाच ऐकवतात.

खेळाचे नाव गावावरून पडले, आणि ते गाव १०८६च्या डोम्सडे पुस्तकात 'रोखेबेरी' असे नोंदलेले आहे. मूळ रूप 'ह्रोका'ची 'बुर्ह' असे मानतात. ह्रोका हे माणसाचे नाव असावे, बुर्ह म्हणजे तटबंदीची जागा. शेवटचा 'बी' डॅनिश वळणाने आला. या 'बुर्ह'ला जर्मन 'बर्ग'बरोबर 'उंच' या अर्थाच्या धातूत बसवतात, आणि तिथे आपली दोन ओळखीची माणसे भेटतात. संस्कृत 'बृहत्' आणि फारसी 'बुलंद'. बुलंद आवाज, बुलंद किल्ला आणि रग्बी, यांची आजी एक असू शकते. रग्बीतल्या 'ब'मध्ये बुलंद दडला आहे, ही कल्पना मला सोडवत नाही. पुरावा याहून थोडा अशक्त असता तरी मी ती मांडलीच असती.

आपल्याकडे हा खेळ टिकला तो जिमखान्यांच्या आधाराने. 'जिमखाना' हा शब्द इंग्रज-हिंदी संकर. मागे 'गेंदखाना', चेंडूचे घर, असावे आणि 'जिम्नॅस्टिक'च्या ओढीने 'गेंद'चे 'जिम' झाले, असा तर्क 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशापासून चालत आला आहे. मराठीने तो इतका आपला केला, की कॉलेजच्या फीच्या पावतीवरही जिमखाना असतो. 'चेंडू' मात्र त्या गेंदापेक्षा कानडी-तेलुगू 'चेंडु'कडे झुकलेला दिसतो. मुंबईचा बॉम्बे जिमखाना १८७५चा. १९३३मध्ये भारतातला पहिला कसोटी सामना तिथेच झाला. पण पाऊस पडू लागला, की त्याच मैदानावर क्रिकेट आवरून रग्बी मांडली जाते. जमीन मऊ होते, पडले तरी हाड वाचते.

आणि इथे 'हंगाम'ची गाठ पडते. फारसी 'हंगाम' म्हणजे वेळ, समय. 'हंगामा', म्हणजे जमाव आणि मग गोंधळ, त्याच्याच घरचा. मराठीने काळ शेतीला दिला आणि 'हंगामी' म्हणजे तात्पुरता असे केले. इंग्लंडात रग्बी शरदात सुरू होते आणि वसंतात संपते. म्हणजे शब्दशः रब्बी, कारण अरबी 'रबी' म्हणजे वसंतच. मुंबईत तीच रग्बी पावसाबरोबर येते. 'खरीफ' म्हणजे अरबीत शरद, पण आपण त्याचा 'खरीप' करून मृगावर पेरला. नुसत्या एका अक्षराच्या अंतरावर असूनही रग्बी मुंबईत कधी रब्बी झाली नाही. ती खरिपातच पडली.